तीन बोटं आखूड

तुमच्या घरातला पाट कोणत्या झाडाचा आहे, सांगता येईल? पाट नसेल तर दार, दार नसेल तर खुर्ची. उठून बघू नका. बसल्या जागी सांगा.

मला सांगता आलं नव्हतं. जगातल्या झाडून सगळ्या अन्यायांची नावं मला विशीत पाठ होती. पण ज्या फळीवर कागद ठेवून मी त्या अन्यायांवर लिहीत असे, ती फळी कसली हे मला ठाऊक नव्हतं. ते शेजारच्या तात्यांनी सांगितलं. खोलीत आले, पालथ्या बोटांनी फळीवर एकदा ठोकलं आणि म्हणाले, "आंबा. आजून दमलं न्हाई लाकूड. पावसाळ्यात बाक धरनार बघ."

आषाढात फळीनं बाक धरला आणि माझी शाईची दौत घरंगळून जमिनीवर पडली.

"दमलं न्हाई" हे तात्यांचं नेहमीचं बोलणं. बाकीचे सुतार लाकूड ओलं आहे, कच्चं आहे म्हणत. तात्यांच्या लेखी ते दमलेलं नसे. तोडलेल्या ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना ते शेण लिंपायचे, सावलीला उभा करायचे आणि दोन उन्हाळे त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. कुणी घाई केली तर म्हणायचे, "ज्वान हाय त्ये. आत्ता कापलं तर लाथा मारंल. दमू द्या."

मलकापुरात, कराडच्या अगदी लगत, त्यांच्या छपराला लागून माझी भाड्याची खोली होती. सगळे त्यांना तात्या म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा एकाचं नाव न विचारता छापलं होतं, तेवढं पुरे आहे.

माझे वडील कराडच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या घरात पाटीच्या आधी पत्रक आलं. मी अक्षरं शिकलो ती "बंधूंनो आणि भगिनींनो" या दोन शब्दांवरून. मोठा झाल्यावर मी स्वतःच पत्रकं काढू लागलो आणि पहिली प्रत तात्यांना नेऊन देऊ लागलो. ते ती दोन्ही हातांनी घ्यायचे, सावकाश वाचायचे आणि पालथी करायचे.

"तुजं कागुद लय चांगलं असतंय गड्या," ते एकदा म्हणाले. "मागनं कोरं."

त्यांच्या छपरात खिळ्यांना माझी पत्रकं लटकत असत. एका बाजूला 'शेतमजुराला पोटापुरती मजुरी द्या', दुसऱ्या बाजूला कोळशानं काढलेला जुवाचा आकार. मला ते लागायचं.

"तात्या, वाचलंत तरी का?"

"वाचलं की. बरुबर लिवलंयस."

"मग?"

"मग काय? बैलाची मान बरुबर काडाय नको व्हय?"

त्यांच्याशी भांडता येत नसे. बलुतं म्हणजे गुलामी आहे, वर्षभर राबून सुगीला चार पेंढ्या घेता, असं मी तावातावानं सांगायचो. ते रंधा थांबवायचे, "हाय की खरं," म्हणायचे आणि रंधा पुन्हा चालू व्हायचा. एवढ्या थकलेल्या होकारापुढे माझी सगळी भाषणं आडवी पडायची.

जू करायची त्यांची रीत आडमुठी होती. इतर सुतार जुवं करून ठेवायचे, शेतकरी येऊन घेऊन जायचा. तात्या आधी गोठ्यात जायचे. बैलाच्या मानेवर दोन्ही तळवे ठेवून बराच वेळ उभे राहायचे, डोळे मिटून. मग म्हणायचे, "ह्याची डावी बाजू मऊ हाय. हितं जरा खोल घ्यावं लागंल." लोक हसायचे. "तात्या, बैलाला सदरा शिवताय काय?" तात्या न हसता सांगायचे, "तुज्या सदऱ्यापरास बरा बसंल." आणि खरंच, त्यांच्या जुवाखाली बैलाची मान सुजलेली मी पाहिली नाही.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मेजर तात्यांकडे आला. आमच्याकडे पलटणीतून आलेला कुणीही मेजरच. हा होता लान्स नाईक. एकाहत्तरच्या लढाईत त्याचा उजवा पाय सुरुंगावर पडला आणि गुडघ्याखाली चार बोटंच उरला. पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून त्याला पाय मिळाला होता. गोऱ्या रंगाचा, बूट घातलेला, देखणा. रस्त्यावर तो झकास चालायचा. पण त्याला पाणी लागू द्यायचं नाही अशी ताकीद होती, आणि मेजरचं रान सगळं उसाचं.

उसाची लागण तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. सऱ्यांत पाणी सोडतात, चिखल होतो, आणि उसाची कांडी त्या चिखलात पायानं दाबत दाबत पुढे जायचं. मेजरचा थोरला भाऊ म्हणायचा, "तू बसून खा. रान मी बगतो." पहिल्या वर्षी तो हे मायेनं म्हणाला. दुसऱ्या वर्षी ठरवून म्हणाला. बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, झाला की लागण होती. त्या लागणीत मेजर सरीत उतरला तर त्याच्या वाटणीचं रान त्यानंच करायचं, नाहीतर थोरला दोन्ही वाटण्या एक करून टाकणार होता.

"तात्या," मेजर उंबऱ्याशी बसत म्हणाला, "आवं एकदा बांदावर बसलो की कायमचा बसलो. चिखलात चालंल असा पाय द्या."

तात्यांनी हातातला रंधा खाली ठेवला. "पट्टं सोड."

त्यांनी त्या उरलेल्या पायावर दोन्ही तळवे ठेवले आणि डोळे मिटले. मेजर छपराच्या कौलांकडे बघत राहिला.

"हितं आग हुती का?"

"हुती."

"मग सांगायचं की तसं. बैल हायस व्हय तू, मला वळकाय लावतोस."

मेजर हसला. गावात परतल्यापासून त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी कराडहून एका पाडलेल्या शाळेच्या दाराची सागाची फळी खांद्यावर टाकून आणली. शंभर वर्षांचा साग, मी अभिमानानं सांगितलं. तात्यांनी फळीवर हात फिरवला. "लाकूड सोनं हाय. पन साग दाराला. दाराला कुटं जायाचं असतंय?"

"मग बाभूळ?"

"चाकाला बाभूळ, कारन चाक बैल वढत्यात. ह्यो गडी पाय उचलत बसंल का लागन करंल?"

"मग शिसव घ्या."

"नवरीच्या पलंगाला घिऊ. तुजं लगीन ठरू दे."

त्यांच्या मनात धामण होती. पाटणकडच्या डोंगरातलं झाड. कावडीची काठी धामणीची करतात. भार घेतला की वाकते, भार काढला की सरळ होते. "माणसाचा पाय बी असाच असतुया," तात्या म्हणाले. "पन दमलेली धामन पायजे. दोन उन्हाळं कुटनं आनू आता?"

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी मला घेऊन मेजरच्या घरी गेले. तिथे गोठ्यामागे मेजरच्या वडिलांचा छकडा मोडून पडला होता. त्याच्या दांड्या धामणीच्या. वीस वर्षं बैलांमागे पळून पळून त्या पुरेशा दमल्या होत्या. तात्यांनी थोरल्याला विचारलं. थोरला म्हणाला, "न्या. बसतंय कोन त्यात आता." दोन दांड्यांपैकी एकीला वाळवी लागली होती. चांगली एकच निघाली, आणि तिच्यातही कामाचा तुकडा एका पायापुरता.

धामणीची मधली दांडी केली आणि उरलेला पाय बसायची वाटी पांगाऱ्याची कोरली, कारण पांगारा हलका. आत काजळी फासायचे, मेजर पाय घालायचा, जिथे काजळी पुसली जाई तिथे लाकूड टोचतं असं समजायचं. तेवढंच ते काचेच्या तुकड्यानं खरवडायचे. पुन्हा काजळी, पुन्हा पाय. असं पंधरा-वीस वेळा. काकी, म्हणजे तात्यांची बायको, चहा घेऊन यायची आणि मेजरचा काळा झालेला गुडघा बघून म्हणायची, "आवं, पाय करताय का भांडी घासताय?" आत फौजी कांबळ्याचा तुकडा बसवला. चामड्याचे पट्टे मी कराडहून शिवून आणले. खाली तळवा रुंद ठेवला, पालथ्या वाटीसारखा, चिखलात रुतू नये म्हणून. लांबी त्यांनी चांगल्या पायाला दोरी लावून घेतली आणि ओसरीच्या सपाट फरशीवर तपासली. सुताभराचाही फरक नव्हता.

मेजर ओसरीवर चालला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात सोडून. तात्या खाली बसून फक्त पायाकडे बघत होते, माणसाकडे नाही.

मी मात्र माणसाकडे बघितलं, आणि खोलीत जाऊन लिहायला बसलो. मथळा केला, 'देशाला पाय दिला, देशानं काय दिलं?' मेजरचं नाव घातलं, गाव घातलं, भावाचं बोलणंही घातलं. माझं आजवरचं सर्वांत चांगलं पत्रक होतं ते. अजूनही मला तसंच वाटतं, आणि म्हणूनच त्याची जास्त लाज वाटते. कराडच्या बाजारात ते हातोहात गेलं.

दोन दिवसांनी मेजर पुण्याचा पाय लावून तात्यांच्या छपरात आला. स्टँडवर एका मास्तरांनी त्याला ओळखून उभं केलं होतं, चारचौघांसमोर पत्रक मोठ्यानं वाचलं होतं, आणि मग एका भल्या माणसानं त्याच्या ओंजळीत केळी ठेवली होती. घरी थोरल्यानं जेवण टाकलं होतं.

"मी मागाय गेलो नव्हतो," मेजर मला म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "ड्यूटी करताना पाय गेला. रान करायला पाय करून घेतला. ह्यात तू मला भिकारी कुटं केलंस रं?"

लाकडी पाय त्यानं उंबऱ्यावर ठेवला आणि निघून गेला.

मी तात्यांकडे पाहिलं. माझ्या बाजूचे चार मुद्दे तयार होते.

"इचारलं हुतंस त्याला?" तात्यांनी विचारलं.

"नाही. पण लिहिलंय ते खोटं..."

"मान न बगता जू घातलंस तू," ते म्हणाले आणि रंधा चालवू लागले. त्यानंतर त्या विषयावर ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत. त्या दिवसाआधी मला कुणीही हरवलं नव्हतं असं नाही. पण हरल्यावर उत्तर शोधावंसं वाटलं नाही ते तेव्हाच.

बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात. दिवस कलताना तात्या दुरुस्त केलेली जुवं पोचवायला गावात फिरायचे. त्या वर्षी त्यांच्या काखेत मेजरचा पायही होता. जुवं मी उचलली होती. मी मागे मागे होतो, शक्य तितका.

मेजरच्या गोठ्यात थोरला बैलांचे खांदे चोळत होता. मेजर ओट्यावर बसला होता. मला बघून दोघांनीही मान फिरवली. तात्यांनी बैलांच्या माना पाहिल्या, जू चढवून पाहिलं, उतरवलं. मग हळद-तुपाची वाटी उचलली आणि सरळ मेजरसमोर जाऊन बसले.

"पट्टं सोड."

मेजरनं सोडले. पुण्याच्या पायानं कातडी सोलवटली होती. तात्या तिथे हळद-तूप चोळू लागले, बैलांना चोळतात तसंच, अंगठ्यानं, गोल गोल.

थोरला म्हणाला, "तात्या, मानसाला बैलावानी करताय व्हय?"

"बैलाचा खांदा चोळाय तुला लाज न्हाई," तात्या मान वर न करता म्हणाले. "सख्ख्या भावाच्या पायाला हात लावलायस का कवा, आल्यापासनं?"

थोरला तसाच उभा राहिला. मग आला, तात्यांच्या शेजारी उकिडवा बसला. तात्यांनी वाटी त्याच्या हातात दिली आणि बाजूला सरकले. थोरल्याला ते धड जमत नव्हतं. मेजरनं डोळ्यांवर मनगट आडवं धरलं होतं.

लाकडी पाय तात्यांनी ओट्यावर ठेवला आणि आम्ही निघालो.

लागणीच्या दिवशी मेजर तो पाय लावून रानात उतरला आणि दहा पावलांत आडवा पडला. उठला, पुन्हा पडला. थोरला धावला नाही. त्यानं स्वतःला कसं आवरलं होतं ते दिसत होतं. तिसऱ्यांदा मेजर पडला तेव्हा तात्या बांधावर बसले. त्यांचं काम चुकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, त्यांनीही नसावं.

ते उठले नाहीत. गडी लागण करत पुढे गेले, ऊन चढलं, भाकऱ्या झाल्या, तरी ते नुसते गड्यांच्या पायांकडे बघत बसून राहिले. दुपारनंतर म्हणाले, "मी येडा. फरशीवर मापलं."

मग मलाही दिसलं. लागण करणारा माणूस कधीच सपाट उभा नसतो. एक पाय सरीच्या चिखलात, कांडी दाबायला. दुसरा शेजारच्या वरंब्यावर, म्हणजे दोन सऱ्यांमधल्या उंचवट्यावर, तोल धरायला. कांडी मेजर चांगल्या पायानंच दाबणार, म्हणजे लाकडी पाय नेहमी वरंब्यावरच पडणार होता. दोन्ही पाय सारखे केले हीच चूक होती.

करवत पिशवीत होती. पाय एकच होता आणि त्या लाकडाचा दुसरा तुकडा नव्हता. जास्त कापलं तर वर्ष गेलं, रानही गेलं. तात्यांनी मेजरला वरंब्यावर उभं केलं, गुडघ्यापाशी तळवे धरले, त्याला तोल इकडे तिकडे करायला लावला. मग पायाच्या मधल्या दांडीवर तीन बोटं आडवी ठेवून कोळशाची रेघ ओढली.

"बक्कळ हुतंय तात्या," थोरला म्हणाला. "रस्त्यावर लंगडंल त्यो."

तात्यांनी मेजरला विचारलं, "रस्त्यावर लंगडशील. चालंल?"

"रस्त्याला पुण्याचा हाय की," मेजर म्हणाला. "कापा."

बांधावरच त्यांनी तेवढी दांडी कापली, तळवा पुन्हा बसवला, पाचर मारली. मेजर सरीत उतरला. डावा पाय चिखलात गेला, लाकडी पाय वरंब्यावर बसला. त्यानं एक कांडी दाबली, मग दुसरी. सरीच्या शेवटापर्यंत गेला. परतताना मात्र पंचाईत, कारण रान एका अंगाला उतरतं होतं, वळलं की लाकडी पाय उताराच्या बाजूला येई आणि आखूड पडे. म्हणून तो रिकामाच परत यायचा आणि पुन्हा त्याच टोकापासून नवी सरी धरायचा. निम्मं चालणं फुकट. थोरला म्हणाला, "आसं केलंस तर दिवाळी उजाडंल." पण म्हणताना त्यानं मेजरच्या वाटणीच्या कांड्यांचा भारा त्याच्या टोकाला नेऊन ठेवला.

त्यानंतर दर बेंदराच्या आदल्या दिवशी तात्या मेजरच्या घरी जायचे. पायाचं मांस दर वर्षी थोडं आटतं, म्हणून वाटीत कांबळं बदलायचे, कुठे खरवडायचे, कुठे पाचर घालायचे. मी दरवर्षी जायचो असं नाही. सभा असत. या गावातून त्या गावात, पायी, सायकलनं, एस्टीच्या टपावर गठ्ठे टाकून मी हिंडत होतो. पूर्वीसारखा मथळा सुचला की अंगावर काटा येत नव्हता, तरी हिंडत होतो.

तात्यांची नजर गेली तेव्हाही मी हिंडतच होतो. रेघ दिसत नाही म्हटल्यावर त्यांनी हत्यारं तेल लावून गुंडाळली. मुलगा साखर कारखान्यात फिटर. त्याला लाकडाशी देणंघेणं नाही. मुलगी कवठे महांकाळला दिलेली, तिनं आईबापाला नेलं. मी परतलो तर छपराला कुलूप. काही महिन्यांनी काकी एकटी घर आवरायला आली तेव्हा कळलं की तात्या तिकडेच वारले. कोरडवाहू मुलूख तो. तिथे बसल्या बसल्या येणाऱ्याजाणाऱ्याच्या काठ्या चाचपायचे आणि झाडाचं नाव सांगायचे, असं काकी म्हणाली. शेवटचे काही दिवस मात्र कुठल्याच लाकडाला हात लावला नाही.

जाताना तिनं मला छपराच्या कोपऱ्यातला एक ओंडका दाखवला. धामणीचा, दोन्ही तोंडांना शेण लिंपलेला. नजर पुरती जायच्या आधी तात्यांनी पाटणहून आणवला होता. "मेजरचा हाय म्हनले. पत्रकवाल्याच्या खोलीत ठीव म्हनले, तितं कोन हात लावत न्हाई."

तो माझ्या खोलीत आहे. त्याचे दोन उन्हाळे या वर्षी पुरे झाले.

मेजरचा पाय आता पाच वर्षांचा झाला आहे. वाटीला चीर गेली आहे, ती तारेनं आवळली आहे. मांस आटलं, म्हणून तो आत चिंध्या कोंबतो आणि कातडी सोलवटते. गेल्या लागणीत तिसऱ्या सरीवरच तो बांधावर येऊन बसला. थोरला त्याची सरी पुढे घेऊन गेला. मेजर ज्या तऱ्हेनं ते बघत होता, तसं मी पुन्हा बघू इच्छित नाही.

मी कराडात विचारलं. तिथे म्हणाले, आम्ही फर्निचर करतो. सांगलीत एक चांगला कारागीर म्हणाला, माप लिहून द्या, दोन दिवसांत देतो. मी दिलं नाही.

म्हणून वाचकांना सांगणं आहे. कडेगावात, तासगावात, वाईला, कुठेही तुमच्या ओळखीत असा सुतार असेल, जो काम हातात घेण्याआधी ते काम जिथे व्हायचं ती जागा बघायला जातो, तर त्याला हे वाचून दाखवा आणि बेंदराच्या आधी मलकापूरला घेऊन या. स्टँडवर उतरून कुणालाही मेजरचं घर विचारा. धामण तयार आहे, वाटीला पांगारा इथेच मिळेल, पट्टे मी शिवून आणीन. माप कागदावर मिळणार नाही. त्यानं रानात यावं लागेल.

हे छापायच्या आधी मी मेजरला वाचून दाखवलं आहे. तो म्हणाला, "या म्हनावं."